जप्त झालेला बॉण्ड कुणाचा?

आपल्या पिढीला ‘बॉण्ड’ हा शब्द बहुतेक वेळा कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवशी भेटतो. ऑफर लेटर हातात येतं, घरी फोन जातो, पेढे आणायचं ठरतं, आणि मग सहाव्या-सातव्या पानावर एक ओळ दिसते. इतके महिने नोकरी सोडणार नाही, सोडली तर इतके पैसे भरेन. माझ्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधल्या बहुतेकांनी ती ओळ वाचली आणि सही केली. नोकरी हवी होती, आणि एचआरशी घासाघीस करण्याची आमची ऐपत नव्हती.

बॉण्ड फक्त कंपन्या घेत नाहीत. सरकारही घेतं, आणि कितीतरी जास्त प्रकारांनी घेतं. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलाकडून घेतं. रस्त्याचं टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराकडून अनामत घेतं. आरोपीला जामिनावर सोडताना त्याचा जातमुचलका आणि त्याच्यासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाची हमी घेतं. ‘चॅप्टर केस’ झालेल्या माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतं. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याचं डिपॉझिट घेतं. ते जप्त झालं की आपण हसतो, पण यंत्रणा तीच: आधी शब्द घ्यायचा, शब्दामागे पैसा बांधून ठेवायचा, आणि शब्द मोडला की पैसा ठेवून घ्यायचा.

कंपनीच्या बॉण्डमध्ये निदान एक दिलासा असतो. कंपनी बदलता येते. सरकार बदललं तरी सरकारच राहतं. त्यामुळे सरकारने जप्त केलेल्या पैशाबद्दलचा प्रश्न जास्त अवघड आहे. जप्त झाला म्हणजे विषय संपला का? की काही वेळा सरकारने तो पैसा परत द्यायलाच हवा? आणि द्यायचा, तर उपकार म्हणून की देणं म्हणून?

बटाट्यांचा हिशेब

मौला बक्ष नावाच्या एका पुरवठादाराची गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते, बाकीच्यांना सहसा माहीत नसते. १९४७ मध्ये त्याने लष्कराच्या उत्तर प्रदेशातल्या मुख्यालयाशी दोन करार केले. एक बटाटे पुरवण्याचा, दुसरा कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचा. पहिल्या करारासाठी १०,००० रुपये आणि दुसऱ्यासाठी ८,५०० रुपये अनामत ठेवली. पुरवठा वेळेवर होईना. सरकारने दोन्ही करार मोडले आणि अनामत जप्त केली. करारात तसं लिहिलेलं होतंच.

चूक मौला बक्षची होती, यात वाद नव्हता. तरीही तो कोर्टात गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. १९६९ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने सरकारला विचारलं, तुमचं नुकसान किती झालं? बटाटे दुसरीकडून घ्यावे लागले असतील तर कोणत्या भावाने घेतले? बाजारभाव सिद्ध करणं काही अवघड नव्हतं. सरकारने तो पुरावा दिलाच नव्हता. नुकसान मोजता येण्यासारखं असूनही मोजून दाखवलं नसेल तर रक्कम ठेवून घेता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. सरकारला पैसे परत द्यावे लागले.

इथे थोडं थांबू. शब्द मोडलेल्या माणसाला पैसे परत मिळाले. आपल्या नेहमीच्या नैतिक हिशेबात हे बसत नाही. चूक केली, भोगली, असं आपण म्हणतो. न्यायालयाने मात्र चूक आणि नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. चूक झाली म्हणून समोरच्याला हवं तेवढं घेण्याचा हक्क मिळत नाही. त्याचं जेवढं गेलं तेवढंच तो मागू शकतो. त्याहून जास्त घेतलं तर ती भरपाई राहत नाही, ती शिक्षा होते, आणि शिक्षा द्यायचीच असेल तर त्यासाठी वेगळा कायदा, आरोप, सुनावणी असं सगळं लागतं. करारातल्या एका ओळीच्या जोरावर ती देता येत नाही.

कागदाच्या मागे

ही कल्पना दिल्लीत १९६९ मध्ये जन्मली नाही. तिचा एक धागा महाराष्ट्रातल्या एका बाजारपेठेत सापडतो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची दुकानं फोडली. मग हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जमाव सावकाराकडे कर्जरोखे मागायचा. ते मिळाले की तिथेच जाळायचा. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत या रोख्यांना बॉण्डच म्हटलं आहे. शेतकऱ्यांना धान्य किंवा सोनं यांपेक्षा तो कागद महत्त्वाचा वाटत होता, कारण कोर्टात फक्त कागद बोलायचा. पन्नास रुपये घेतले, शंभर लिहिले, व्याज धरून दोनशे झाले, अंगठा तर दिलेलाच आहे. न्यायाधीश अंगठा बघायचा आणि जमीन जायची.

चौकशी झाली, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली मूळ कल्पना आजही ताजी वाटते. न्यायाधीशाने कागदावर थांबायचं नाही. कागदाच्या मागे जायचं. व्यवहाराचा इतिहास तपासायचा. खरोखर किती दिलं, किती फेडलं, किती नुसतं लिहिलं, हे शोधायचं.

म्हणजे या देशात सही ही शेवटची गोष्ट नाही, हे दीडशे वर्षांपूर्वी मान्य झालं. सही करताना माणूस मोकळा होता का, त्याने काय मिळवलं, समोरच्याने काय गमावलं, हे विचारता येतं. सावकाराला हा प्रश्न विचारायचा तर सरकारला का नाही?

सरकारने स्वतःला दिलेली सूट

उत्तर भारतीय करार कायद्यात आहे. १८७२ चा कायदा, कलम ७४. त्याचा मुख्य भाग सरळ आहे. करार मोडल्यावर अमुक रक्कम द्यायची असं लिहिलेलं असलं तरी न्यायालय वाजवी भरपाईच देईल. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, त्यापुढे नाही. आपल्या कंपन्यांच्या बॉण्डनाही हेच कलम लागू होतं.

पण खाली एक अपवाद जोडलेला आहे. जामिनाचा मुचलका असेल, किंवा कायद्याने वा सरकारच्या आदेशावरून एखादं सार्वजनिक कर्तव्य पार पाडण्यासाठी दिलेला बॉण्ड असेल, तर अट मोडणाऱ्याला लिहिलेली पूर्ण रक्कम द्यावी लागेल. वाजवी किती हा प्रश्नच नाही. लगेच एक स्पष्टीकरणही आहे: सरकारशी करार केला म्हणून प्रत्येक माणूस सार्वजनिक कर्तव्य पत्करतो असं नाही. बटाटे पुरवणं हे सार्वजनिक कर्तव्य नव्हे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे सरळसरळ पक्षपाती वाटलं. दोन नागरिकांमध्ये न्यायालय कागदाच्या मागे जाणार, आणि एका बाजूला सरकार आलं की जाणार नाही. क्रिकेटमध्ये अंपायरच्या टीमला वेगळा नियम असावा तसं. पण वाचून सोडून देण्याइतका हा अपवाद हलका नाही. त्याच्यामागे एक खरी अडचण आहे, आणि ती मला माझ्याच गावातून दिसते.

मेडशीची बाजू

मेडशी हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. अकोल्याहून वाशिमला जाताना पातूरचा घाट ओलांडला की लागतं. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. अशा केंद्रांना डॉक्टर मिळावेत म्हणूनच महाराष्ट्रात सरकारी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांकडून बंधपत्र घेतलं जातं. शिक्षण झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर दंड. एमबीबीएसला १० लाख, पदव्युत्तरला ५० लाख, सुपर स्पेशालिटीला २ कोटी अशा या रकमा आहेत.

आता समजा, एका डॉक्टरने बॉण्ड मोडला आणि अशा एखाद्या केंद्रात वर्षभर खुर्ची रिकामी राहिली. नुकसान किती झालं ते सिद्ध करा, असं आपण सरकारला म्हणू शकतो का? बटाट्याला बाजारभाव असतो. रात्री दोन वाजता साप चावलेल्या माणसाला घेऊन घाट उतरणाऱ्या जीपचा प्रवास कोणत्या भावाने मोजायचा? जी बाई बाळंतपणासाठी तालुक्याला न्यावी लागली, तिच्या त्या तासांची पावती कोण फाडणार? नुकसान आहे, मोठं आहे, पण ते आकड्यात बसत नाही. ते एका माणसाचं नसून हजारो माणसांत थोडं थोडं वाटलेलं आहे.

मौला बक्षच्या निकालातही याला जागा ठेवलेली होती. मोजता येणारं नुकसान मोजून दाखवा, पण जे मोजताच येत नाही तिथे आधी ठरवलेली प्रामाणिक रक्कम न्यायालय मान्य करू शकतं. बरोबर ५० वर्षांनी, २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांमधले डॉक्टरांचे सक्तीच्या सेवेचे बॉण्ड वैध ठरवले. सरकारने शिक्षणावर खर्च केलाय, आणि लोकांच्या आरोग्याचा हक्कही खरा आहे, हा त्यामागचा विचार.

मला हा विचार पटतो. मेडशीचा माणूस म्हणून तर जास्तच. म्हणून ‘सरकारने जप्त केलेला प्रत्येक बॉण्ड परत द्यावा’ असं मी म्हणणार नाही. पण इथूनच पुढे एक प्रश्न निघतो, जो आपण सहसा विचारत नाही. त्या डॉक्टरने भरलेले १० लाख जातात कुठे?

ते सरकारी तिजोरीत जातात. ज्या गावाची खुर्ची रिकामी राहिली त्या गावाच्या नावाने ते येत नाहीत. म्हणजे नुकसान गावाचं, भरपाई तिजोरीला. गावाला डॉक्टरही मिळाला नाही आणि पैसेही नाहीत. सार्वजनिक हिताच्या नावावर न्यायालयाने कागदाच्या मागे जायचं नाही असं ठरलं, आणि ते सार्वजनिक हित जिथे प्रत्यक्षात दुखावलं तिथे काहीच पोहोचलं नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने न्यायाच्या एका प्रकाराबद्दल लिहिलंय, ज्यात न्यायाधीश फक्त तोल सावरतो: एकाकडे जे जास्त गेलं ते काढून ज्याचं कमी झालं त्याला देतो. इथे पहिली अर्धी क्रिया होते, दुसरी राहून जाते. एकाकडून काढलं, पण ज्याचं गेलं त्याला दिलं नाही. तोल सावरलेला नाही, फक्त वजन तिसऱ्याच पारड्यात पडलंय.

दंडाची किंमत होते तेव्हा

याचा आणखी एक परिणाम आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांवर उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी एक अभ्यास केला. २००० मध्ये तो प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत होते, म्हणून काही पाळणाघरांत उशिराला दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळपास दुप्पट झाला. पालकांना आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड आल्यावर वाटलं, आपण जादा वेळेचे पैसे देतोय. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही. लाज एकदा गेली ती गेली.

दहा लाखांचा बॉण्डही असाच किंमत होऊ शकतो. ज्या घरात दहा लाख सहज निघतात तिथे तो खेड्यातलं एक वर्ष टाळण्याचा दर. ज्या घरात बापाने शेत गहाण टाकून मुलाला शिकवलं तिथे तोच बॉण्ड म्हणजे पायातली बेडी. कागद एकच, रक्कम एकच, पण एकाला ती निवड देते आणि दुसऱ्याला देत नाही. कागदाच्या मागे गेल्याशिवाय हा फरक दिसत नाही.

आणि तिथे गेल्यावर सरकारचाही अर्धा भाग दिसायला हवा. बॉण्डमध्ये डॉक्टर म्हणतो, मी सेवा देईन. त्यात न लिहिलेलं पण गृहीत धरलेलं दुसरं वाक्य असतं: सरकार त्याला वेळेत नेमणूक देईल, राहायला जागा देईल, पगार देईल, केंद्रात औषधं ठेवेल. समजा, नेमणुकीचं पत्रच महिनोन्महिने आलं नाही, आणि मुलाने वाट बघून दुसरा रस्ता धरला, तर शब्द कुणी मोडला? अशा वेळी जप्त केलेली रक्कम परत देणं ही दया नाही. सरकारने स्वतःचा अर्धा शब्द पाळला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

कागदाच्या मागे जाऊनही पैसे परत मिळाले नाहीत असंही होतं, आणि त्यात वावगं काही नाही. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याचं प्रकरण अलीकडचं आहे. किमान ३ वर्षं नोकरी, नाहीतर २ लाख रुपये, अशी अट होती. त्याने २०१७ मध्ये आधीच राजीनामा दिला, विरोध नोंदवून २ लाख भरले आणि कोर्टात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने अट रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी तो निकाल फिरवला. सरकारी बँकेला कुणालाही उचलून नेमता येत नाही, जाहिरात, स्पर्धा, मुलाखत हा सगळा खर्च पुन्हा करावा लागतो, आणि त्या पदाच्या पगाराच्या मानाने २ लाख अवाजवी नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. पैसे मिळाले नाहीत, पण प्रश्न विचारला गेला आणि कारणं देऊन उत्तर मिळालं. हरलेल्या माणसालाही एवढं मिळायला हवं.

हमी देणारा तिसरा माणूस

सगळ्यात वाईट अवस्था मात्र जामीनदाराची असते. डॉक्टरने निदान स्वतःचा शब्द मोडला. जामीनदाराने कुणाचाच शब्द मोडलेला नसतो.

आमच्याकडे पोलीस केस झाली की पहिला प्रश्न असतो, ‘सातबारा कोनाचा हाय?’ चुलता, मामा, शेजारी, कुणीतरी सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन तालुक्याला जातो. वकील बोट दाखवतो तिथे सही करतो. वर्षभराने आरोपी तारखेला गैरहजर राहतो आणि नोटीस सही करणाऱ्याच्या दारात येते. रक्कम भरा, नाहीतर वसुली. वसूल झाली नाही तर जामीनदाराला दिवाणी तुरुंगात सहा महिन्यांपर्यंत ठेवण्याचीही तरतूद आहे.

कायद्याने इथे एक खिडकी ठेवली आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४४६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९१ आहे. त्याखाली न्यायालय कारणं नोंदवून दंडाचा काही भाग सोडून देऊ शकतं. जामीनदाराने आरोपीला शोधून आणलं, किंवा त्याची ऐपतच नसली, तर या खिडकीचा उपयोग होतो. पण खिडकी आहे हे माहीत असलेला जामीनदार विरळा. वकील करायला पुन्हा पैसे लागतात. बहुतेक जण गुपचूप भरतात आणि आयुष्यभर एवढंच सांगत राहतात की बाबांनो, कुणाला जामीन राहू नका.

१९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. जामिनासाठी १०,००० रुपयांची हमी मागितली होती, आणि त्याचा भाऊ हमी द्यायला तयार असताना मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रक्कम १,००० वर आणली आणि गरिबाला हमीच्या आकड्यानेच तुरुंगात ठेवण्याच्या पद्धतीवर कडक शब्दांत लिहिलं. ‘आकडा कुणासाठी आहे?’ हा त्या निकालातला प्रश्न हमी घेताना जितका लागू, तितकाच जप्त करताना.

माफी आणि परतावा

आतापर्यंत आपण धरून चाललो की बॉण्ड घेण्यामागचा हेतू योग्य होता. कधीकधी तोच चुकीचा असतो.

१९१० च्या प्रेस कायद्याने नव्या छापखान्याच्या मालकाकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत जामीन घेता यायचा. सरकारला न आवडणारं काही छापलं की रक्कम जप्त. पुन्हा छापखाना चालवायचा तर १,००० ते १०,०००. पुन्हा छापलं तर ती रक्कम आणि छापखानाही जप्त. अ‍ॅनी बेझंट यांच्या ‘न्यू इंडिया’चे २,००० रुपये १९१६ मध्ये असेच गेले आणि मग १०,००० मागितले गेले. त्याच वर्षी, २३ जुलैला, टिळकांच्या साठीच्या दिवशी त्यांच्या हातात नोटीस पडली: बेळगाव आणि नगरच्या भाषणांबद्दल वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा २०,००० चा मुचलका, शिवाय प्रत्येकी १०,००० चे दोन जामीनदार. जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ९ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पण टिळकांना जिना मिळाले. तालुक्याच्या ठिकाणी साप्ताहिक चालवणाऱ्या माणसाला कुठले मिळणार? त्याचा जामीन जायचा, छापखाना बंद पडायचा.

१९३७ च्या जुलैमध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. मुंबईत बाळासाहेब खेर, आणि वऱ्हाड ज्यात होतं त्या मध्य प्रांतात डॉ. ना. भा. खरे. या मंत्रिमंडळांच्या काळात वृत्तपत्रांचे आणि छापखान्यांचे जामीन परत केले गेले, चालू खटले मागे घेतले गेले. मुंबई सरकारने करबंदीच्या चळवळीत जप्त झालेल्या जमिनी मूळ मालकांना मिळाव्यात म्हणून पावलं उचलली. ज्या सरकारने घेतलं ते आणि ज्याने दिलं ते, यांत माणसं वेगळी होती. तिजोरी तीच होती.

आज कुणी म्हणेल, मागच्या सरकारने घेतलं ते आत्ताच्या करदात्याने का द्यायचं? उत्तर सोपं आहे. मागच्या सरकारची येणी आजचं सरकार सोडत नाही. आजोबांच्या नावावरची जुनी थकबाकी नातवाच्या दारात येते. वसुलीला सरकार अखंड असेल तर परतफेडीलाही अखंडच असलं पाहिजे.

इथे शब्दही जपून वापरायला हवा. आपल्याकडे सरकार पैसे सोडतं तेव्हा त्याला ‘माफी’ म्हणतात. माफी म्हणजे चूक तुझी, मन माझं मोठं. ‘परतावा’ म्हणजे हे तुझंच होतं, माझ्याकडे राहायला नको होतं. छापखान्याचा जामीन परत करणं ही माफी नव्हती. मौला बक्षचे पैसे ही माफी नव्हती. फाइलवर कोणता शब्द लिहिला जातो यावर पुढच्या माणसाचा हक्क ठरतो. माफी मागावी लागते, परताव्याला हिशेब विचारता येतो.

आणि त्यात वेळेचा हिशेबही आला. एखादी ऑर्डर रद्द केली तर ‘५ ते ७ वर्किंग डेज’ हा मेसेज आपल्याला उशीर वाटतो. आठव्या दिवशी आपण कस्टमर केअरला भांडतो. १९४७ च्या कराराचा निकाल १९६९ ला लागला. बावीस वर्षांनी तोच आकडा परत देणं म्हणजे अर्धवट परत देणं. सरकार आपल्याकडून उशिराचं व्याज घेतं, तर परताव्यासोबत व्याज हे कृपेने मिळू नये, आपोआप यावं.

मग परत कधी द्यायचे?

माझ्यापुरतं उत्तर असं बनलंय. नुकसान मोजता येत असेल तर त्यापेक्षा जास्त घेतलेला प्रत्येक रुपया परत जायला हवा. सरकारने करारातला स्वतःचा भाग पाळला नसेल तर सगळी रक्कम परत जायला हवी. ज्या कायद्याखाली घेतली तो कायदाच अन्यायाचा होता असं ठरलं, तर न मागता परत जायला हवी. आणि जामीनदाराला नोटीस पाठवताना, सूट कुठे आणि कशी मागायची हे त्याच कागदावर मराठीत छापलेलं असावं.

उरतो तो चौथा प्रकार. शब्द खरोखर मोडला, सरकारने आपला भाग पाळला होता, आणि नुकसान मोठं असूनही मोजता येत नाही. तिथे सरकारने रक्कम जरूर ठेवावी. पण स्वतःची म्हणून ठेवू नये. ती ज्या लोकांसाठी बॉण्ड घेतला होता त्यांची आहे, सरकार फक्त सांभाळणारं. डॉक्टरने सोडलेल्या वर्षाचे १० लाख ज्या केंद्राची खुर्ची रिकामी राहिली तिथे जावेत. त्यातून कंत्राटी डॉक्टर येईल, नाहीतर रात्रीची ॲम्ब्युलन्स, नाहीतर निदान सर्पदंशाच्या लशींचा फ्रिज चालू राहील.

९ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. काही वर्षांनी तिथली पहिली बॅच बाहेर पडेल. त्यात आपल्याच गावांतली मुलं-मुली असतील, आणि त्यांचे बॉण्ड आपल्याच गावांच्या नावाने घेतलेले असतील. काही जण येतील, काही जण पैसे भरून निघून जातील. कोण येईल ते आपल्या हातात नाही. पण जे निघून जातील त्यांचे पैसे कोणत्या खात्यात जमा झाले, हे मेडशीच्या ग्रामसभेला विचारता येतं. तो प्रश्न विचारायला कायद्याची पदवी लागत नाही.